दुखतंय का, असं विचारलं तर

तालुक्याच्या एका कचेरीत माझी सगळी नोकरी आवक-जावकच्या टेबलावर गेली. या टेबलावर बसणाऱ्याला एक खोड लागते. समोरचा माणूस गोड बोलायला लागला की आधी त्याच्या हातातला कागद बघायचा, मग तोंड बघायचं. अर्जावर कुठं मोकळी ओळ राहिली असेल तर तिच्यावर आडवी रेघ मारून टाकायची, म्हणजे मागून कुणी काही घुसडायला नको. लोक मला संशयी म्हणतात. म्हणोत बापडे. त्या खोडीनं कचेरीत मला कितीतरी वेळा वाचवलं आहे.

घरात आम्ही दोघंच. मी आणि माझा भाऊ. आई-वडील गेले, माझं लग्न झालं नाही, आणि सेनगावातलं तीन खोल्यांचं घर आम्हाला पुरतं. भाऊ माझ्याहून चार वर्षांनी लहान, म्हणजे आज पंचावन्नाचा. अंगानं धिप्पाड, डोक्याचे केस पांढरे. सर्टिफिकेटवर आधी ‘मतिमंद’ लिहिलेलं होतं, नव्या सर्टिफिकेटवर ‘बौद्धिक दिव्यांग’ आहे. त्याला वाचता येत नाही, घड्याळ कळत नाही, पण स्टँडवर हिंगोलीची गाडी लागायची वेळ झाली की तो अंगणातून ओरडून सांगतो, आणि गाडी त्याच्यापेक्षा उशिरा येते. तुरीच्या डाळीतले खडे त्याच्यासारखे कुणी निवडून दाखवावेत. मला तो ताई म्हणतो.

सोयाबीन निघायचे दिवस होते. एका दुपारी तो जेवला नाही. मग उलटी झाली, अंग तापलं. गावातल्या डॉक्टरनं इंजेक्शन दिलं, पण दुसऱ्या दिवशीही ताप उतरला नाही, तेव्हा मी जीप केली आणि त्याला हिंगोलीला एका खासगी दवाखान्यात नेलं. दवाखान्याचं नाव सांगत नाही, मला कुणाशी वैर करायचं नाही. जीपमध्ये तो गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. मला वाटलं, जागा कमी पडत असेल, म्हणून मी सरकून बसले.

डॉक्टर तरुण होता, तिशी-पस्तिशीचा, बोलायला गोड. म्हणजे माझे कान आधीच टवकारले. त्यानं भावाकडं एकदा बघितलं आणि मला विचारलं, ‘‘यांना बोलता येतं का?’’

भाऊ समोर बसलेला! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, ‘‘त्यालाच इचारा की. माणूस समोर बसलाय, तुमी मला काहून इचारता?’’

डॉक्टर जरा वरमला. वाकून म्हणाला, ‘‘काय काका, कुठं दुखतंय का?’’

भावानं दोन्ही हात जोडले, सगळे दात दिसतील असा हसला, आणि म्हणाला, ‘‘मजेत हाय.’’

डॉक्टर हसला. शेजारची सिस्टर हसली. डॉक्टरनं त्याच्या पोटावर इथं तिथं दाबून बघितलं, दर वेळी त्याच्या तोंडाकडं बघत, आणि भाऊ दर वेळी हसत ‘‘मजेत, मजेत’’ म्हणत राहिला. मग डॉक्टरनं कागदावर इंग्रजीत काहीतरी लिहिलं. टेबलापलीकडचा उलटा कागद वाचायची मला नोकरीतून सवय आहे. त्यानं लिहिलं होतं की दुखण्याची तक्रार नाही. मी ते वाचलं आणि गप्प बसले. उलट मला बरं वाटलं. ‘‘किती वळण लावलंय तुम्ही यांना,’’ असं सिस्टर म्हणाली, आणि खोटं कशाला बोलू, मी फुगले.

हे ‘मजेत हाय’ आमच्याच घरातलं. मी विशी ओलांडली तेव्हा मला बघायला पाहुणे येऊ लागले. पाहुणे पोहे खात आणि त्यांचे डोळे भावावर. हा असा काहून? हे घराण्यात आहे का? पुढं याला कोण सांभाळणार? आईनं ठरवलं की त्याला लपवायचं नाही, लपवलं तर लोकांना जास्त संशय येतो. त्याला धुतलेला शर्ट घालून बैठकीत बसवायचं आणि कुणीही काहीही विचारलं तर त्यानं हात जोडून हसायचं आणि ‘मजेत हाय’ म्हणायचं. एवढं एक वाक्य. आई शेवेची पुडी घेऊन बसायची, तो बराबर बोलला की मूठभर शेव. दोन महिन्यांत त्याला ते पाठ झालं. पुढं पाहुणे यायचे थांबले, पण वाक्य राहिलं. परका माणूस, त्यातल्या त्यात पँट-शर्टातला, खिशाला पेन असलेला, समोर आला की भावाचे हात आपोआप जुळतात.

संध्याकाळपर्यंत सलाईन लागलं. सोनोग्राफीला नेलं तर तो पडून राहीना, कुशीवर वळून पाय पोटाशी घेई. तिथल्या माणसानं ‘‘नीट दिसत नाही’’ म्हणून परत पाठवलं. वार्डात आल्यावर त्यानं हातातली सुई उपटून टाकली आणि मुठीनं स्वतःच्या कपाळावर मारायला लागला. धप्, धप्. मी त्याचा हात धरला तर त्यानं मला ढकललं. आयुष्यात पहिल्यांदा.

डॉक्टर आला. म्हणाला, ‘‘अशा पेशंटना जागा बदलली की असं होतं. त्यांचं वागणंच तसं असतं, मॅडम. झोपेचं इंजेक्शन देऊ.’’

‘‘पंचावन्न वर्षांत त्यानं सवताला हात लावलेला न्हाई,’’ मी म्हटलं. ‘‘वागणं-बिगणं मला सांगू नका. झोप कुणासाठी? त्याच्यासाठी का तुमच्या सोयीसाठी?’’

मग मी थांबले नाही. इंजेक्शनचं नाव विचारलं, बाटलीवरची तारीख बघितली, रक्त दोनदा काहून काढलं ते विचारलं, आणि त्याला आतल्या हॉलमध्ये हलवायचं म्हणाले तेव्हा तर माझ्या मनात पालच चुकचुकली. आत काहून? बाहेर काय वाईट आहे? आत नेऊन हे काय करणार? मागं-पुढं कुणी नसलेल्या वेड्या-खुळ्या माणसांचं दवाखान्यात काय काय होतं याच्या गोष्टी मी कचेरीत ऐकल्या होत्या. खऱ्या-खोट्या देव जाणे. मी मोठ्यानं सांगितलं, ‘‘मी लेखी अर्ज करीन. एकेकाचं नाव घालून.’’ त्याचा परिणाम एवढाच झाला की मला बाहेरच्या बाकावर बसवलं आणि भेटीला सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास मिळाला.

आतल्या हॉलमध्ये झाडलोट करायला, पेशंटला खाऊ घालायला एक मावशी होती. जवळच्या तांड्यावरून रोज यायची. काळी, सडसडीत, कपाळावर गोंदलेलं, तोंडात कायम तंबाखू. पहिल्याच दिवशी मी तिला अडवून सांगितलं होतं, ‘‘माझ्या भावाला येळच्या येळी खाऊ घालायचं. ताटात काही राहिलेलं दिसलं तर तुजं नाव पयलं लिहीन.’’ तिनं नुसतं माझ्याकडं बघितलं आणि मान हलवली.

ताट रिकामंच येत होतं. सकाळी पातळ खिचडी, संध्याकाळी दूध-पाव, दोन्ही चाटून-पुसून. सिस्टरच्या वहीत ‘जेवण घेतलं’. आणि मी भेटीला आत जावं तर भाऊ दर वेळी जास्त उतरलेला. ओठ सुकलेले, डोळे आत गेलेले. ताप होताच. मी विचारलं, ‘‘जेवला का रे?’’ तो म्हणाला, ‘‘मजेत.’’ परक्यासाठी शिकवलेलं वाक्य तो मला म्हणाला! त्याचा राग मी दुसऱ्यांवर काढला. मनाशी हिशेब सोपा होता. ताट रिकामं, माणूस उपाशी, म्हणजे मधलं अन्न त्या बाईच्या पोटात जातं. याहून स्पष्ट पुरावा काय पाहिजे?

तिसऱ्या दिवशी मी तिला पकडायचं ठरवलं. आतल्या हॉलच्या दाराला मधे काच होती, जेवणाच्या वेळी तिथं जाऊन उभी राहिले. हातात कागद आणि पेन.

मावशी त्याच्या खाटेवर बसली होती. वाटीतली खिचडी बोटानं कालवून, फुंकर मारून, ती एक घास त्याच्या ओठाला लावत होती. तो तोंड फिरवत होता. ‘‘एक घास, माज्या राजा. एकच.’’ त्यानं घास घेतला, तोंडात धरला आणि गालावरून ओघळू दिला. तिनं पदरानं त्याची हनुवटी पुसली. पुन्हा एक घास, पुन्हा तेच. मग ती उठली, इकडं तिकडं बघितलं, आणि सगळी खिचडी खाटेखालच्या बादलीत ओतून ताट पुसायला लागली.

मी दार ढकलून आत गेले. ‘‘काय करून राहिलीस? ताट काहून पुसतीस?’’

ती दचकली, पण घाबरली नाही. म्हणाली, ‘‘तुमच्यापायी, बाई. ताटात काय राहिलं तर तुमी माजं नाव लिवणार. माज्या पोटावर पाय देणार. म्हून मी ताट रिकामं करून राहिले. ह्यो दोन दिसांपासून खातच न्हाई.’’

‘‘मग सिस्टरला काहून सांगितलं न्हाई?’’

‘‘सिस्टरला बी तुमचीच भीती. तिला रिकामं ताट दिसलं की ती लिवते. कोन तुमच्या तोंडी लागनार?’’

मी कागद-पेन हातात धरून उभी. काय लिहू? कुणाचं नाव घालू?

मावशीनं बादली बाजूला सरकवली. ‘‘आनिक एक सांगते. रागाऊ नका. तुमी समदे ह्याच्या तोंडाकडं बघता. तोंड हासतंय. तुमी त्याच्या पायाची बोटं बघा. मी सकाळी चादर बदलाया त्याला वळवलं तवा बघितलं.’’ तिनं त्याच्या पायावरचं पांघरूण वर केलं आणि हलकेच, अगदी लेकराला थापटावं तसा, त्याच्या पोटावर उजवीकडं खाली हात ठेवला. भाऊ तिच्याकडं बघून हसला. आणि त्याच्या दोन्ही पायांची बोटं आत वळली, इतकी घट्ट की नखं पांढरी पडली.

‘‘दुखतंय का?’’ मी विचारलं.

‘‘मजेत हाय,’’ तो म्हणाला. त्याची बोटं तशीच वळलेली होती.

त्या हॉलमधून मी पळत कशी गेले ते मला आठवत नाही. डॉक्टर ओपीडीत होता, समोर रांग होती, मी रांग मोडून आत घुसले. तो उठून उभाच राहिला, याही वेळी भांडायला आली म्हणून. मी म्हटलं, ‘‘डॉक्टरसाहेब, माझा भाऊ मजेत न्हाई. त्याला आमी घरी शिकवलंय तसं बोलायला. परक्या माणसानं काही बी इचारलं तरी तो तेच म्हणतो. त्याचा हात कापला तरी तेच म्हणेल. हे मी पयल्या दिवशी सांगायला पाहिजे होतं.’’

त्यानं माझ्याकडं बघितलं आणि रांग तशीच सोडून माझ्याबरोबर निघाला. हे मी मान्य करते. त्याच्या जागी दुसरा असता तर रांगेकडं बोट दाखवलं असतं.

या वेळी त्यानं भावाला काही विचारलं नाही. पाय उघडे केले, पोटावर उजवीकडं हळूहळू दाबलं आणि एकदम हात उचलला. भाऊ हसत होता आणि त्याची बोटं, पोटऱ्या, मांड्या, सगळं आखडलं होतं. डॉक्टरचं तोंड उतरलं. पुढचा अर्धा तास नुसती धावपळ. गुंगीचं इंजेक्शन देऊन नीट सोनोग्राफी झाली. अपेंडिक्स फुटलं होतं, पोटात पू झाला होता, लगेच ऑपरेशन करावं लागणार होतं. तीन दिवस. तीन दिवस तो पोटात फुटलेलं आतडं घेऊन लोकांना हात जोडत होता.

संमतीचा कागद माझ्यापुढं आला. माझी खोड जाणार कशी? मी पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. एका रकान्यात मोकळी जागा होती, माझा पेन तिथं गेला आणि मी आडवी रेघ मारली. मग दुसऱ्या. डॉक्टर म्हणाला, ‘‘मॅडम, वेळ नाही.’’ आवाजात राग नव्हता, विनवणी होती. मी वर बघितलं. स्ट्रेचरवर भाऊ होता आणि मावशी त्याच्या पायांची बोटं एकेक करून चोळत होती. मी राहिलेले रकाने मोकळेच सोडून सही केली.

ऑपरेशन दोन तास चाललं. बाहेर बाकावर मावशी माझ्याशेजारी येऊन बसली. तिची ड्यूटी संपली होती, तिला तांड्यावर जायला शेवटची जीप गाठायची होती, तरी बसली. मी म्हटलं, ‘‘मी तुमच्यावर आळ घेतला मनातल्या मनात. तुमी त्याचं खाता असं वाटलं मला.’’ ती म्हणाली, ‘‘व्हय, कळत हुतं की मला,’’ आणि तंबाखूची पुडी सोडली.

डॉक्टर बाहेर आला तेव्हा घामानं भिजला होता. म्हणाला, धोका टळला, पण जखम मोठी आहे, बरेच दिवस दुखेल. मग म्हणाला, ‘‘हे मला पहिल्याच दिवशी कळायला पाहिजे होतं. मी त्यांच्या हसण्यावर विश्वास ठेवला.’’ त्याच्यावर अर्ज करायला माझ्याकडं कारण होतं, अजूनही आहे. पण तो अर्ज लिहायला बसले तर दुसरं नाव माझंच येईल.

पुढची अडचण दुखण्याच्या औषधाची. डॉक्टरनं सांगितलं होतं की पेशंटला विचारून, दुखत असेल तसं कमी-जास्त द्यायचं. भूल उतरली, दुसरा दिवस उजाडला. सिस्टर दर दोन तासांनी विचारी, दुखतंय का काका? भाऊ सलाईनचा हात कसाबसा दुसऱ्या हाताला जोडायला बघे. ‘‘मजेत हाय.’’ ती बिचारी रडकुंडीला आली. म्हणाली, ‘‘ताई, आता भेटीची वेळ-बिळ राहू द्या, तुम्हीच बसा इथं. तुमचे भाऊ आहेत, तुम्हाला तरी खरं सांगतील.’’

मी खाटेच्या कडेला बसले. त्याच्याजवळ वाकून, घरातल्या आवाजात विचारलं, ‘‘भाऊ, दुखतंय का?’’

त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं नाही. माझ्या उजव्या हाताकडं बघितलं. मग पांघरुणाखालून त्यानं आपली डावी मांडी हळूच माझ्यापासून लांब ओढली, टाके ताणले जात होते तरी ओढली, आणि तिच्यावर स्वतःचा पंजा झाकण घातल्यासारखा ठेवला.

मला क्षणभर कळलं नाही. मग कळलं.

शेवेचं मी वर सांगितलं, ते खरं आहे, पण ते आईचं झालं. माझं सांगायचं राहिलं. मी पंचविशीची असताना वाशिमकडचे पाहुणे आले होते. स्थळ चांगलं होतं, मुलगा मला आवडला होता, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. भाऊ माझ्याशेजारी सतरंजीवर बसला होता. त्या दिवशी त्याची दाढ सुजली होती. पाहुण्यांनी त्याला विचारलं, काय रे, कसा आहेस? आणि तो माझ्याकडं वळून म्हणाला, ‘‘ताई, दुखतंय.’’ सगळ्यांचे पोह्याचे चमचे थांबले. मी पाहुण्यांकडं बघून हसले, आणि पदराआड त्याच्या डाव्या मांडीला चिमटा काढला. नखांनी. पिरगाळून. आणि सोडला नाही. तो ‘मजेत हाय’ म्हणेपर्यंत सोडला नाही. तो म्हणाला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो हात जोडून हसत होता. पुढंही दोन-तीनदा मी तसं केलं, मग गरज पडली नाही. त्या पाहुण्यांचा काही निरोप आला नाही, ते वेगळंच.

मी माझे दोन्ही हात पाठीमागं नेले आणि पदरात गुंडाळून घट्ट धरून ठेवले. मला रडू आवरत नव्हतं, सिस्टर बघत होती, बघू दे.

‘‘भाऊ, मी न्हाई चिमटा काढत. बघ, हात न्हाईत. आता कदीच न्हाई. दुखतंय का, सांग.’’

तो कितीतरी वेळ माझ्या खांद्यांकडं बघत राहिला, हात खरंच मागं आहेत का म्हणून. त्याला माझा संशय येत होता. येणारच. मी हलले नाही. शेवटी त्यानं मांडीवरचा पंजा काढला, आणि त्याचं हसू हळूहळू उतरलं. हसू नसलेलं त्याचं तोंड मी किती वर्षांनी बघत होते.

‘‘लई दुखतंय, ताई,’’ तो म्हणाला.

मी सिस्टरला औषध द्यायला सांगितलं.